बापूंचा वारा

मी खोली बघायला गेले तेव्हा बापू अंगणाच्या मधोमध उभे राहून बोटाला थुंकी लावत होते. मी विचारलं, "दिवसभर पाणी असतं का हो खोलीला?" त्यांनी ओलं बोट डोक्याच्या वर धरलं आणि दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. मी उन्हात बॅग धरून उभी. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग बोट पायजम्याला पुसत ते म्हणाले, "न्हाई."

"पाणी नाही?"

"वारा न्हाई. पाणी लई हाय. या, बसा."

मुळशी तालुक्यात, मुठा खोऱ्यातलं त्यांचं घर, घराच्या माडीवर भाड्याच्या दोन खोल्या, खाली बापू आणि काकी. लेक लग्न होऊन महाळुंग्याला, अकराव्या मजल्यावर. बापू सत्तरीला टेकलेले होते. उजवा पाय जरा ओढून चालायचे, पण त्याबद्दल कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. मी मूळची पुण्याची, म्हणजे कुणाचं काही चुकलं की ते लगेच दाखवून देणं माझ्या रक्तातच. आमचं जमणार नाही, असंच मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

माझी नोकरी कुणाला समजावून सांगणं हा एक छळ असतो. जगभरातल्या खेळांची आकडेवारी विकणारी एक कंपनी आहे. तिथं आम्ही पडद्यावर सामना बघतो आणि जे घडलं ते त्याच क्षणी भरतो. क्रिकेट, फुटबॉल ज्येष्ठांना मिळतं. मी नवीन, म्हणून त्या हिवाळ्यात माझ्या वाट्याला आलं स्की जंपिंग. बर्फाने माखलेल्या डोंगरावर एक उंच उतार बांधलेला असतो. वर आडव्या दांडीवर माणूस बसतो, पायात त्याच्याहून लांब दोन पट्ट्या. सुटतो, घसरत येतो, उताराच्या टोकावरून हवेत झेपावतो आणि शंभर-सव्वाशे मीटर तरंगत जाऊन खाली उतरतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दर शनिवार-रविवारी नव्या देशात नवी स्पर्धा. पन्नासजण पहिली उडी मारतात, त्यातले तीस दुसऱ्या फेरीत जातात. ऑफिसात जावं लागत नसे. आपलं इंटरनेट आणि आपली खोली बस होती, आणि म्हणूनच मी या खोऱ्यात राहायला आले होते.

पहिल्याच शनिवारी संध्याकाळी बापू पाण्याची मोटर बंद केल्याचं सांगायला वर आले आणि दारातच थबकले. पडद्यावर एक नॉर्वेचा पोरगा हवेत होता.

"ह्यो पडतुया का उडी मारतुया?"

"उडी मारतोय, बापू."

"मग येवढा येळ कसा लागतुया?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही तज्ज्ञाने विचारलेला नाही, आणि त्याहून बरा प्रश्न त्या खेळाबद्दल विचारता येईल असंही मला वाटत नाही. मी सांगितलं की समोरून वारा आला तर तो माणसाला खालून उचलून धरतो, म्हणून उडी लांब जाते. पाठीमागून आला तर तो दाबतो. मग मी जाता जाता सांगितलं की म्हणूनच समोरच्या वाऱ्याचे गुण कापतात आणि मागच्या वाऱ्याचे वाढवून देतात.

बापू दारातून आत आले आणि माझ्या पलंगावर बसले.

"वारा धरत्यात?"

"हो. उतारावर ठिकठिकाणी वारा मोजायची यंत्रं असतात."

"म्हंजी माणसाचं वायलं आन वाऱ्याचं वायलं करत्यात." मग खाली काकींना हाक मारून म्हणाले, "आगं, ऐकलंस का? वारा धरत्यात!" काकींनी खालून विचारलं, कुणी धरलाय?

तेव्हापासून दर शनिवार-रविवार बापू माझ्या पलंगावर. माझ्यापेक्षा तेच जास्त नेमाने यायचे. त्यांना नावं पाठ व्हायची नाहीत, देश तर मुळीच नाहीत. निळा टोप, लांब मानेचा, रडका, अशी त्यांची यादी होती. पाच पंच गुण देतात आणि त्यातले सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे बाद करतात, हे कळल्यावर ते खूश झाले. "म्हंजी सासऱ्याचं बी बाद आन दुस्मनाचं बी बाद. ग्रामसभेत असं पायजे." खेळाडूंच्या अंगातला पोशाख सैल असला तर त्यांना बाहेर काढतात, कारण सैल कापडात वारा भरतो, हे कळल्यावर त्यांनी आपल्या बंडीकडे बघितलं आणि ती आत खोचली.

सगळ्यात जास्त जीव जडला तो एका म्हाताऱ्यावर. म्हातारा म्हणजे अडतीस वर्षांचा, पण बाकीचे विशी-बाविशीतले, त्यात तो चुलत्यासारखाच दिसायचा. देशाचं नाव बापूंना कधी सांगता आलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. तो कायम तेहेतिसावा, चौतिसावा, छत्तिसावा. तीसमध्ये कधी नाहीच. तो दांडीवर येऊन बसला की बापू पुढे सरकून बसायचे. त्याच्या प्रशिक्षकाच्या हातात झेंडा असायचा. वाऱ्याचा अंदाज घेऊन हिरवा दिवा लागला आणि प्रशिक्षकाने झेंडा खाली केला की दहा सेकंदांत सुटायचं. झेंडा खाली येईपर्यंत बापू श्वास रोखायचे. मला आधी वाटलं, दम्याचा त्रास आहे.

वाऱ्याची त्यांची स्वतःची वर्गवारी होती. कामाचा वारा, रिकामटेकडा वारा, आणि पाव्हणा वारा, म्हणजे येतो, बसतो न बसतो तोच निघतो. घरामागच्या खळ्यावर लेकीच्या शाळेतल्या जुन्या लाल रिबिनी एका काठीला बांधलेल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमारास खोऱ्यातून वारा वर चढतो. त्या वेळी बापू खळ्यावर जायचे, रिबिनींकडे बघायचे, बोट वर धरायचे आणि "न्हाई" म्हणून परत यायचे. मी स्पर्धांबद्दल सांगायला लागल्यापासून गावातल्या माणसांनाही ते वाऱ्यात मोजू लागले. भावकीतला कुणीतरी रडत आला की सगळे माझ्या वाइटावर आहेत, तर म्हणाले, "समोरनं वारा हाय म्हनून तर वर हायेस. पाटीमागनं आला असता तर कवाच आपटला असतास." तो माणूस पुढे महिनाभर आला नाही.

त्या तीनच्या फेरीचं कारण मला डिसेंबरात कळलं. विकायचं भात मळणीयंत्रातून निघालं होतं, पण घरी खायचं भात बापू यंत्राला लावत नसत. ते हातानं झोडायचं आणि वाऱ्यावर उफणायचं. तीन पायांची छातीइतकी उंच तिपाई, तिच्यावर पुरुषाने चढायचं, खालून बायकांनी सूप भरून द्यायचं आणि वरून धार धरायची. दाणा सरळ खाली पडतो, फोलपट आणि भूस उडून लांब जातं. यंत्राच्या पंख्यानं तांदळाचा वास उडतो, असं बापूंचं म्हणणं. ते शास्त्रीयदृष्ट्या चूक असणार, पण काकींनी पूर्वी केलेल्या त्या तांदळाच्या भाताची गावात ख्याती होती. तर हे झोडलेलं भात खळ्यावर निळ्या प्लास्टिकच्या कागदाखाली ढीग करून ठेवलेलं होतं, कडेनं दगड रचून, आणि बापू वाऱ्याची वाट बघत होते.

डिसेंबर संपला. कोंबड्यांनी कागद फाडला. उंदरांनी एका बाजूने बोगदा केला. काकी दुकानातून तांदूळ आणत होत्या. पिशवीत खाली तांदूळ आणि वर मेथीची जुडी, म्हणजे वाटेत कुणाला दिसू नये. मुळशीत भातवाल्याच्या घरी दुकानातला तांदूळ शिजणं म्हणजे काय, हे मला त्या मेथीच्या जुडीवरून समजलं. काकी म्हणायच्या, "विजेचा पंखा लावा न्हाईतर भावकीतल्या कुणाला चढवा." बापू म्हणायचे, "पंख्याचा वारा येका सुरात रडतुया. आन दुसऱ्याच्या हातचं मी खानार न्हाई."

मधेच त्यांनी एक उद्योग करून ठेवला. पडद्यावर सव्वाशे मीटर म्हणजे किती ते त्यांना कळेना, म्हणून एका सकाळी दोरी घेऊन ते उतारावरच्या भातखाचरांत उतरले. गोठ्यापासून खालच्या मोटरीपर्यंत दर दहा मीटरवर एक काठी ठोकली आणि प्रत्येक काठीला लाल चिंधी बांधली. शेवटच्या काठीपाशी उभे राहून ते गोठ्याकडे मान वर करून बघत राहिले. मेंढरं घेऊन चाललेली एक धनगरीण थांबली.

"ह्ये काय ठोकलंय, बापू?"

"माणूस हितं पडनार हाय. तितनं सुटनार आन हितं पडनार."

ती बाई मेंढरं घेऊन निघून गेली. आमच्या भागात शेतात लाल चिंध्यांच्या काठ्या दिसल्या की त्याचा एकच अर्थ होतो, मोजणी. संध्याकाळपर्यंत खोरंभर झालं की लवाशाकडे नवा रस्ता जातोय आणि तो बापूंच्या खाचरांतून जातोय. दुसऱ्या दिवशी जमिनीचे दोन दलाल आले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चुलतभावाने पहाटे उठून आपला बांध हातभर बापूंच्या बाजूला सरकवला. बापूंनी सगळ्यांना माझ्या खोलीत बोलावून स्की जंपिंग दाखवलं. दलालांपैकी एकाने शेवटपर्यंत बघितलं आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ह्यो प्रकल्प सरकारी हाय का खाजगी?"

काकी पुरुषांच्या उड्या बघायला कधी वर आल्या नाहीत. पण जानेवारीतल्या एका रविवारी बायकांची स्पर्धा होती. भाकरीच्या पिठाचे हात घेऊन त्या काहीतरी सांगायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. एक बारीकशी जपानी मुलगी सुटली, तरंगली, अलगद उतरली. काकींनी तिच्या मागची चौथी, पाचवी, दहावीही बघितली.

"ह्या बाया पैल्यापासनं उड्या मारत्यात?"

"मारायच्या, पण मोठ्या स्पर्धेत घ्यायचे नाहीत. बायकांच्या शरीराला हे झेपत नाही म्हणायचे."

"कोन म्हनायचं?"

"पुरुष."

काकींनी बापूंकडे बघितलं. बापू पडद्याकडे बघत होते. काकी हात पुसत खाली गेल्या, आणि त्यानंतर बायकांची स्पर्धा कधी आहे ते मला आठवणीने विचारू लागल्या.

आता माझ्या चुकीचं सांगते. जानेवारीच्याच एका दुपारी असा वारा सुटला की माझी वाळत घातलेली ओढणी उडून आंब्यावर जाऊन बसली. खळ्यावरच्या रिबिनी ताठ. बापूंनी बोट वर धरलं आणि म्हणाले, "न्हाई."

मी गच्चीवरून हसत म्हणाले, "बापू, माझी ओढणी आंब्यावर आहे आणि तुम्ही वारा नाही म्हणता?"

"त्यो कामाचा न्हाई."

"वारा चांगला आहे. तुम्हालाच चढायचं नाही."

मी थट्टेने बोलले होते. बापूंनी बोट खाली घेतलं, माझ्याकडे बघितलंही नाही, पाय ओढत घरात गेले आणि त्या शनिवारी वर आले नाहीत. रविवारीही नाही. मी एकटीच पडद्यासमोर बसून आकडे भरत होते. नवीन वर्षाच्या सुमाराच्या एका स्पर्धेत त्यांचा म्हातारा उतरताना पडला होता आणि स्ट्रेचरवरून गेला होता. आता तो परत आलाय की नाही हे विचारायलाही ते आले नाहीत. तेव्हा मला कळलं की मी नुसतं चुकीचं नाही, दुष्टपणाचं काहीतरी बोलले आहे. फक्त काय, ते कळत नव्हतं.

ते काकींनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी बापू त्याच तिपाईवरून पडले होते. मांडीच्या हाडात पट्टी बसवली, चार महिने अंथरुणावर. "पडल्याचं काय न्हाई गं. पन पडल्यावर अर्धा तास कुनाला हाक न्हाई मारली. मी भाकरी घिऊन गेले तवा दिसलं. डोळं उघडं, तोंड मिटल्यालं." त्यानंतरची दोन्ही वर्षं वारा चांगला सुटला नाही, असं बापू सांगत होते. दोन्ही वर्षांचं भात शेवटी कोंबड्यांना गेलं होतं.

"मग या वर्षीही जाऊ दे ना, काकी."

"ह्या वर्सी न्हाई चालायचं." लेकीला पहिलं बाळ झालं होतं आणि होळीनंतरच्या रविवारी त्याचं उष्टावण आजोळी करायचं ठरलं होतं. "नातवाच्या तोंडात पैला घास दुकानातला घालू? मग आमी भातवाले कशाचे?" त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच फार वाईट वाटलं आणि भीतीही वाटली, कारण या प्रकरणात आपण काहीही सुचवलं तरी चूकच होणार हे दिसत होतं.

फेब्रुवारीत स्पर्धा जपानला गेल्या. जपानमधल्या उड्या आपल्याकडे भर दुपारी दिसतात. मी खाली जाऊन अंगणातून मोठ्याने म्हणाले, "म्हातारा परत आलाय. यादीत नाव आहे." स्पर्धा सुरू व्हायला आणि जिन्यावर पाय ओढल्याचा आवाज यायला एकच गाठ पडली. बापू पलंगावर बसले. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

म्हातारा अठ्ठाविसावा आला दांडीवर. बसला, चष्मा खाली ओढला. वारा चांगला होता, माझ्यासमोर आकडा होता, समोरून, बेताचा. हिरवा दिवा लागला. प्रशिक्षकाने झेंडा खाली केला. म्हातारा हलला नाही. सेकंद उलटे मोजले जात होते. त्याने दांडीवरचे हात सोडले, पुन्हा धरले. शून्यावर काटा आला तेव्हा तो बसल्या बसल्या बाजूला सरकला आणि दांडीवरून उतरून पायऱ्यांकडे निघाला. समालोचक म्हणाला, बहुतेक त्याला वारा योग्य वाटला नसावा.

"वारा हुता," बापू म्हणाले.

मी उडी झाली नाही असं भरलं.

"वारा चांगला हुता. भ्याला त्यो." त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. "वर बसल्यावं खालचं समदं ध्येनात येतं. कुटं पडलो, कसा आवाज आला. पाय म्हनत्यात चल, पन बूड सोडत न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी बी भ्यालोय. तीन वर्सं झाली."

दारात काकी चहा घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी चहा टेबलावर ठेवला.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

बापू चिडलेच. "म्हाईत हुतं तर बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी तवाच चढला असता. आन पडला असता."

काकींनी कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता मी चढते."

"खुळी का काय? बायामाणसानं तिपाईवर चढायचं न्हाई. आपल्यात चालत न्हाई."

"त्या पोरी येवढ्या उंचावनं येत्यात. मी चार फुटांवं चढनार."

"गाव काय म्हनंल?"

"गाव म्हनंल, बापू दुकानातला तांदूळ खात्यात. ते चालतंय का तुमाला?"

बापू चहा न पिता खाली गेले. त्यानंतर दहा-बारा दिवस त्या घरात या विषयावर एक शब्द निघाला नाही. म्हाताऱ्याचं नाव पुढच्या याद्यांत आलं नाही. बापू दर शनिवारी विचारायचे, "हाय का?" मी म्हणायचे, नाही, आणि ते मान हलवायचे. होळी झाली. उष्टावणाला पाच दिवस उरले, त्यात भात गिरणीत न्यायला एक दिवस हवा. मी मनातल्या मनात ठरवलं होतं की बाजारातून चांगला आंबेमोहोर आणून गुपचूप काकींच्या डब्यात ओतायचा. आता लिहिताना लाज वाटते, पण ठरवलं होतं.

मंगळवारी सकाळी उठून गच्चीवर आले तर बापू खळ्यावर तिपाई आडवी पाडून बसले होते. जुनी सुंभं कापून नवी दोरी बांधत होते. एकेक पाय हाताने हलवून बघत होते. एका पायाखाली चपटा दगड ठेवला, काढला, दुसरा ठेवला. मग स्वतः तिपाईच्या पहिल्या दांड्यावर पाय टेकवून सगळा भार दिला, वर चढले नाहीत, पाय खाली घेतला. काकींना हाक मारून त्यांनी एवढंच विचारलं, "पदर खोचशील ना नीट?"

तीन वाजता रिबिनी ताठ झाल्या. बातमी पसरायला आमच्याकडे वेळ लागत नाही. कडेच्या दगडी गडग्यावर पाचसहा पुरुष येऊन बसले होते, त्यात बांध सरकवणारा चुलतभाऊही होता. काकींनी पदर खोचला, नऊवारीचा काष्टा पक्का केला आणि माझ्या खांद्याला धरून वर चढल्या. चार फूट म्हणजे फार काही नाही असं मला वाटत होतं. त्या वर उभ्या राहिल्यावर तसं वाटेना. मी सूप भरून वर दिलं. ते त्यांनी डोक्याच्या उंचीला धरलं.

बापू बांधावर उभे होते, हातात टॉवेल उंच धरून. आम्ही ठरवलं होतं की टॉवेल खाली आला की काकींनी धार सोडायची.

वारा आला. चांगला, एकसारखा, माझ्या चेहऱ्यावर धड लागत होता. टॉवेल वरच.

"सोडू का?" काकींनी विचारलं.

"थांब."

गडग्यावरून कुणीतरी ओरडलं, "बापू, वारा सुटलाय की!"

"थांब म्हनतोय ना!"

काकींचे हात भरल्या सुपाच्या भाराने वाकायला लागले होते. बापूंचा टॉवेलचा हात काही केल्या खाली येत नव्हता. मी इतक्या महिन्यांत त्यांना वाऱ्याबद्दल एकदा खोटं बोलताना पकडलं होतं, पण आता ते वाऱ्याकडे बघतच नव्हते. ते काकींच्या पायांकडे बघत होते. एकाएकी टॉवेल खांद्यावर टाकून ते बांधावरून उतरले, पाय ओढत, जवळजवळ पळत तिपाईपाशी आले आणि दोन्ही हातांनी तिचा पाय धरून उभे राहिले. नेमके त्या बाजूला, जिकडे भूस उडून जातं.

काकींनी वाट बघितली नाही. सूप तिरकं केलं.

दाणा सरळ खाली पडला आणि भूस सगळं बापूंवर गेलं. डोक्यावर, भुवयांवर, कानांत. "आवो, बाजूला व्हा!" काकी ओरडल्या. गडग्यावरची माणसं हसली. बापू म्हणाले, "तू टाक." मी दुसरं सूप दिलं, मग तिसरं. चुलतभाऊ गडग्यावरून उतरून आला आणि न विचारता पाट्या भरून द्यायला लागला. पहिल्या चार सुपांना काकींची धार वाकडी पडत होती, मग सरळ झाली. ऊन उतरेपर्यंत काम चाललं. तेवढा वेळ बापूंनी तिपाईचा पाय सोडला नाही, डोळे पुसायलाही नाही, आणि शेवटी शेवटी ते कुणी माणूस न दिसता भुसाचा ढीग दिसत होते.

शेवटचं सूप रिकामं झालं तेव्हा काकी सगळ्यांदेखत बापूंच्या डोक्याला धरून खाली उतरल्या. उतरल्यावर पदराच्या टोकाने त्यांनी बापूंचे डोळे पुसले. बापूंनी पापण्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या.

"भ्या वाटलं का गं?"

"वाटलं की," काकी म्हणाल्या. "लई वाटलं. समदा येळ."

बापूंनी तोंडातलं भूस बाजूला थुंकलं आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, "तरी बी टाकलंस."